येळवस तोंडावर आली अन् तोंडाची साल निघायली

पत्र: डॉक्टर मॅडम, मी उदगीर तालुक्यातल्या एका गावची. वय ३४. पतसंस्थेत कारकून आहे, रोज स्कूटीवर जाऊन-येऊन २८ किलोमीटर होतात. दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग आहे. पाच दिवसांपूर्वी लातूरला जाऊन पील, म्हणजे ॲसिड लावून साल काढायचा उपचार, करून घेतलं. कार्डावर फक्त 'जीए ३५%' एवढंच लिहिलंय. तिसऱ्या दिवशी हनुवटीपासून साल निघायली. काल आरशासमोर उभी होते, डाव्या गालावरचा एक पापुद्रा लोंबत होता, तो ओढला. जास्तच निघाला. आता तिथं रुपयाएवढी गुलाबी जागा झालीय, चुरचुरतेय. उरलेला गाल आधीपेक्षा काळा दिसायलाय. सासूबाई म्हणतात हळद-साय लाव. भावजींनी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. हे म्हणाले, "पैसे देऊन तोंड सोलून घेतलीस की." नऊ दिवसांवर येळवस (वेळ अमावस्या) आहे, सगळा गोतावळा शेतात येणार. माघात नणंदेचं लग्न. आता काय लावू? हा डाग कायमचा राहील का? शेतात जाऊ की नको? (नाव छापू नये.)

उत्तर: ताई, तुमचं पत्र रांग मोडून वर घेतलं. येळवस काही माझ्या सदरासाठी थांबणार नाही.

आधी 'काळा' दिसणाऱ्या गालाबद्दल बोलू, कारण त्यानंच तुमची झोप उडवलेली दिसते. पीलनंतर कातडीचा सगळ्यात वरचा थर मरतो. गळून पडायच्या आधी तो सुकतो, आवळतो आणि तपकिरी पडतो. जिथं वांग आहे तिथं रंगद्रव्य मुळातच जास्त, म्हणून तो भाग जास्तच काळवंडलेला दिसतो. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी आरसा घेऊन बसा आणि गाल तिरका करून बघा. काळपट भागाला कागदासारख्या कडा सुटलेल्या असतील, बारीक सुरकुत्या दिसत असतील, तर ती जायच्या वाटेवर असलेली जुनी साल आहे. तो डाग नव्हे. डाग गुळगुळीत असतो, त्याला कडा सुटत नाहीत. तुमचा उजवा गाल आणि डाव्याचा बराचसा भाग मला तरी पहिल्या प्रकारचा वाटतो. दोन-तीन दिवसांत गळेल.

'जीए' म्हणजे ग्लायकोलिक ॲसिड, ३५ टक्क्यांचं. आपल्याकडे ज्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून जातात त्या उसात हे नैसर्गिकरीत्याच असतं, बाटलीतलं मात्र कारखान्यात बनतं. एवढ्या ताकदीचं पील साधारणपणे वरवरचं धरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साल सुटायला लागते आणि आठवडाभरात चेहरा मोकळा होतो. तेव्हा तिसऱ्या दिवशी तुमच्या हनुवटीवर जे सुरू झालं ते अगदी वेळापत्रकाप्रमाणे झालं. पुढच्या वेळी मात्र कार्डावर आणखी दोन गोष्टी लिहून घ्या: ॲसिड किती मिनिटं ठेवलं आणि लावताना काय त्रास झाला. तेच ३५ टक्के एक मिनिट ठेवलं तर एक काम करतं आणि पाच मिनिटं ठेवलं तर दुसरंच.

आता तो रुपया.

पापुद्र्याची एक कड सुटलेली असते, तेव्हा दुसरी अजून खालच्या जिवंत थराला धरून असते. सुटलेली कड ओढली की त्याच्याबरोबर तयार न झालेली कातडीही फाटून येते. पेरलेलं उगवलं का ते बघायला कुणी माती उकरत नाही, पण गालाच्या बाबतीत आपला हात राहत नाही, हे मला कबूल आहे. मी निवासी डॉक्टर असताना आम्ही मैत्रिणींनी एकमेकींना पील करून पाहिलं होतं. चौथ्या दिवशी वॉर्डात केसपेपर लिहिता लिहिता मी कपाळावरचा पापुद्रा नखानं उचलला आणि दुपारी तशीच गाडीवर खोलीवर गेले. पुढे तीन महिने एक बट कपाळावर ओढून फिरत होते. सगळं पुस्तक पाठ असून ही गत. तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू?

आपल्या कातडीची एक खोड आहे. तिला कसलीही इजा झाली, मग ती मुरमाची असो, भाजल्याची असो की ओरबाडल्याची, ती भरताना तिथं जास्तीचा रंग ओतते. गोऱ्या माणसाची जागा लाल राहते, आपली तपकिरी होते. कातडीचे उन्हाला प्रतिसादावरून प्रकार पाडायची पद्धत फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचातज्ज्ञानं १९७५ साली मांडली. ती सुरुवातीला गोऱ्या कातडीपुरतीच होती, तपकिरी आणि काळ्या रंगाचे प्रकार नंतर जोडले गेले. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतो. परदेशी व्हिडिओतली बाई कॅमेऱ्यासमोर टराटरा साल ओढते आणि खालून गुलाबी गाल निघतो, ते बघून आपण तसं करू नये ते यासाठी.

तर तुमच्या रुपयावर डाग पडेल का? पडू शकतो. कायमचा राहील का? बहुतेक नाही. असा डाग वरच्या थरातला असेल तर काही आठवड्यांत फिका पडू लागतो, पूर्ण जायला तीन ते सहा महिने लागू शकतात. तो किती गडद होतो हे पुढच्या पंधरा दिवसांत त्याच्यावर किती ऊन पडतं आणि किती वेळा हात जातो यावर ठरेल. म्हणजे अजून बरंच तुमच्या हातात आहे.

काय लावू, असं विचारलंत. फार थोडं. मला रोज हा प्रश्न येतो आणि उत्तर ऐकून पेशंटचा चेहरा पडतो, कारण लिहून द्यायला माझ्याकडे दोनच वस्तू असतात. गुलाबी जागेवर साधी पेट्रोलियम जेली, दिवसातून तीन-चार वेळा, बोटाच्या टोकावर मावेल एवढीच. थर चकाकला पाहिजे, थापायचा नाही. बाकी चेहऱ्याला सुवास नसलेलं साधं मॉइश्चरायझर, चेहरा थोडा ओलसर असतानाच. लोंबणारा पापुद्रा फारच छळत असेल तर नखं कापायची बारीक कात्री डेटॉल-स्पिरिटनं पुसून घ्या आणि लोंबणारा भाग तेवढा कापा. ओढायचं नाही. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, व्हिटॅमिन सी, रात्री लावायचं रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, जे काही कपाटात असेल ते साल पूर्ण निघून चुरचुर थांबेपर्यंत कपाटातच राहू द्या. परत कधी सुरू करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

धुण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्या भागात इथंच घोळ होतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी असणार. हिटरच्या रॉडवर जो पांढरा थर बसतो, तो तुम्हाला दिसतो. त्याच पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण घासतो, आणि साबणाचा चिकट अंश कातडीवर बसून राहतो. धडधाकट कातडी हे सोसते. सोललेली सोसत नाही. ती ताणते, खाजते आणि मग हात जातो. आठ दिवस तोंडापुरतं पिण्याचं पाणी वापरा, फिल्टरचं किंवा जारचं. एक तांब्या सकाळी, एक संध्याकाळी, पुरे झालं. कोमट नाही, साधं. साबणाऐवजी फेस न येणारं सौम्य क्लेन्झर घ्या, नसेल तर सकाळी नुसत्या पाण्यानंही चालेल. पुसायला टर्किश टॉवेल नको. घरात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा धोतर असेलच. त्याचा तुकडा गालावर टेकवायचा, घासायचा नाही.

आता सासूबाईंची हळद-साय. त्यांचा जीव आहे म्हणून सांगतात, त्यांना तोडून बोलू नका. हळदीत गुण आहेत, यात वाद नाही. पण डब्यातली हळद खरबरीत असते, निर्जंतुक नसते, आणि उघड्या कातडीवर तिचा पिवळा रंग बसला की खाली लाली आहे, पू आहे की डाग आहे हे मलाही ओळखता येत नाही. साय म्हणजे दूध; नासलं की जंतूंचं घरच. डाळीचं पीठ, मसुराचं पीठ, साखर-मध असलं काहीही घासायचं नाही, ते घासण्याचं काम ॲसिडनं आधीच केलेलं आहे. आणि लिंबू तर अजिबातच नाही. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे पट्टे राहतात. सासूबाईंना सांगा, डॉक्टरीण म्हणाली तोंडाला पंधरा दिवस नको, तोवर हाता-पायाला लावते. लावाही. कोपरांना छान वाटेल.

भावजींची ट्यूब मात्र मला जास्त भ्यायला लावते. तिचं नाव तुम्ही लिहिलं नाही, त्यानं काही बिघडत नाही. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एक जरी नाव असलं, तर ते स्टेरॉइड आहे. पहिल्या चार दिवसांत चेहरा असा उजळतो की शेजारीण ट्यूबचं नाव विचारते. मग तीच कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुरळ येतं, हनुवटीवर लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की आगीनं पेटल्यासारखा चेहरा होतो. म्हणून परत ट्यूब. अशा बायका माझ्याकडे येतात तेव्हा वांग बाजूलाच राहतो, ट्यूब सोडवण्यातच वर्ष जातं. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी 'गोरं व्हायची ट्यूब द्या' म्हटलं की काउंटरवर काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. खरं सांगायचं तर पीलनंतर फार लाली आली तर आम्हीसुद्धा दोन-तीन दिवस सौम्य स्टेरॉइड देतो. वांगासाठी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइड असलेलं मलमही देतो, ते चांगलं औषध आहे. पण ते ठरावीक आठवड्यांपुरतं, कातडी बघून, आणि सोललेल्या गालावर तर नाहीच. ट्यूब भावजींना परत द्या, पावती असेल तर पैसेही येतील.

ऊन. हिवाळ्यातलं ऊन गोड लागतं म्हणून आपण त्याला मोजत नाही. अंगाला लागते ती उष्णता. कातडी काळी करणारे अतिनील किरण त्या उष्णतेवर अवलंबून नसतात. त्यातले काही तर काचेतूनही आत येतात, तेव्हा पतसंस्थेत तुमचा काउंटर खिडकीला लागून असेल तर पडदा ओढून घ्या. सनस्क्रीन घेताना एसपीएफ किमान ३० आणि डब्यावर पीए+++ बघा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्ही-बी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के; फरक एवढासाच. खरा फरक पडतो तो किती लावलं त्यानं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. आपण लावतो हरभऱ्याच्या डाळीएवढं, आणि मग म्हणतो सनस्क्रीननं काही होत नाही. दर दोन-तीन तासांनी परत. आता सध्या झिंक ऑक्साइड असलेलं घ्या, चुरचुरत नाही. वांग असणाऱ्यांना रंगीत, म्हणजे कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त बरं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा प्रकाशही अडवतं, आणि वांग साध्या प्रकाशानंही गडद होतो. पांढरा थर दिसत नाही हा वरचा फायदा.

स्कूटीवर तुम्ही स्कार्फ बांधतच असाल. आपल्या मुलींचा स्कार्फ बांधायचा प्रकार मी रोज सिग्नलला बघते: कपाळ झाकलेलं, तोंड झाकलेलं, मागे करकचून गाठ, आणि मधे एक पट्टी उघडी. ती पट्टी म्हणजे नाकाचं हाड आणि गालाचा वरचा उंचवटा. वांग नेमका तिथंच असतो! शिवाय गाठ घट्ट असली की खड्ड्याखड्ड्याला कापड गालावर घासतं. पंधरा दिवस पातळ सुती कापड, सैल, आणि त्यावर पूर्ण काच असलेलं हेल्मेट. स्कार्फ रोज धुतलेला. जमत असेल तर आठ दिवस एसटीनं जा, उन्हाच्या उलट्या बाजूची खिडकी पकडून.

टिकलीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात विचारतील. कपाळाची साल निघत असताना डिंकाची टिकली काढताना कातडीही घेऊन येते. तोवर कपाळ मोकळं ठेवा. मंगळसूत्र आहे, बांगड्या आहेत, कुणाला शंका येणार नाही. भुवया, वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल, पावडर, फाउंडेशन, हे सगळं कातडी पूर्ण बरी झाल्यावर. भुवयांना आणि ब्लीचला किमान दोन आठवडे द्या.

थोडी चुरचुर, ताण, खाज हे सगळं सोसण्यासारखं आहे. पण दुखणं दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, त्या गुलाबी जागेतून पिवळा स्राव आला, गाल सुजला, किंवा ओठाच्या कडेला तापानंतर येतात तसे बारीक पाणीदार फोडांचे पुंजके आले, तर मला पत्र लिहीत बसू नका. त्याच दिवशी पील करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. फोडांचं औषध जितकं लवकर सुरू होतं तितकं बरं. पूर्वी कधी तसे फोड येत असतील तर पुढच्या पीलआधीच त्यांना सांगा. आणि साल ओढली हेही सांगा. रागावतील, रागावू देत. त्यांना कळलं नाही तर ते पुढच्या खेपेला त्याच गालावर तेवढंच ॲसिड लावतील.

आता थोडं कडू. वांग पीलनं मुळासकट जात नाही. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरातलं अनुवंश आणि ऊन यांच्या मेळानं तो येतो. पील वरचा साठलेला रंग काढतं, आतला कारखाना चालूच राहतो. म्हणून दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार किंवा जास्त खेपा, मधे मलमं, आणि सनस्क्रीन तर कायमचंच. फिका होईल, कुणी मुद्दाम बघितल्याशिवाय कळणार नाही इतका होईल, पण सनस्क्रीन सोडलंत तर उन्हाळ्यात परत येईल. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. हे आधी कुणी नीट सांगितलं नसेल तर चूक तुमची नाही. नणंदेच्या लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी शेवटचं पील संपलेलं हवं. त्यानंतर हळदीला गालाला बोट लागलं तरी हरकत नाही.

तुमच्या यजमानांना एवढंच सांगा की सोलणं ॲसिडनं ठरल्याप्रमाणे केलं, एक रुपया तेवढा तुमच्या खात्यावर आहे.

आणि येळवस. जा ना. तोवर तुमचा चौदावा दिवस असेल, चेहरा बऱ्यापैकी भरलेला असेल, नवी कातडी मात्र उन्हाला हळवी असेल. आदल्या रात्री भज्जीच्या, म्हणजे मिसळभाजीच्या, डेगेपुढे बसायचं काम यंदा जाऊबाईंना द्या. चुलीच्या धगीनंही वांग वाढू शकतो, हे कारण खरं आहे, बिनधास्त सांगा. सकाळी लवकर निघा, दोन बोटं सनस्क्रीन लावून, छत्री घेऊन. पूजेपुरतं उन्हात या, मग कडब्याच्या कोपीत किंवा आंब्याखाली बसा. ११ ते ३ या वेळात पोरांच्या मागे बांधाबांधानं पळायचं काम यजमानांना द्या. जेवण झालं की आंबिलीच्या हातानं तोंड पुसू नका, तिच्यातलं ताक आंबट असतं, त्या रुपयाला झोंबेल. येताना सनस्क्रीनची ट्यूब पिशवीत आहे ना ते बघा, ती बहुतेक घरीच राहते.